एपिस्कोपल पॅरिश

एपिस्कोपल पॅरिश हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘एपिस्कोपल चर्च’ या ख्रिस्ती संप्रदायाचे स्थानिक एकक होय. एक चर्च-इमारत, तेथे नियमाने उपासनेस जमणारी मंडळी, त्या मंडळीने निवडलेली ‘वेस्ट्री’ नावाची कार्यकारिणी आणि ‘रेक्टर’ ही पदवी धारण करणारा धर्मगुरू मिळून पॅरिश बनते. एपिस्कोपल चर्च हे जगभरच्या अँग्लिकन परिवाराचे घटक आहे. अमेरिकेखेरीज हैती, तैवान इत्यादी काही देशांतही त्याच्या मंडळ्या आहेत.

‘एपिस्कोपल’ हे विशेषण बिशप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. नावावरून हा बिशपांच्या हुकमतीचा संप्रदाय वाटतो. प्रत्यक्षात पॅरिशचा बराचसा कारभार, आणि उपासनेचाही मोठा भाग, धर्मगुरू नसलेल्या सामान्य सभासदांच्या हाती असतो. हे सभासद म्हणजे नेमके कोण, त्यांच्यापैकी कोणाला मत आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न या संप्रदायाच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिला आणि त्याची उत्तरे अनेकदा अन्यायाची होती.

परिभाषा

मराठी ख्रिस्ती समाजात या विषयाचे शब्द एकसारखे नाहीत. वसईच्या कॅथलिक परंपरेत पॅरिशला ‘धर्मग्राम’, डायोसीसला ‘धर्मप्रांत’ आणि धर्मगुरू वा संन्यासी नसलेल्या श्रद्धावंतांना ‘प्रापंचिक’ म्हणतात. प्रॉटेस्टंट परंपरेत ‘मंडळी’, ‘पाळक’ आणि ‘प्रभुभोजन’ हे शब्द रूढ आहेत. एपिस्कोपल चर्च या दोन परंपरांच्या मध्ये उभे असल्याने दोन्हींकडचे शब्द घेतल्याखेरीज त्याचे वर्णन करता येत नाही. या लेखात ‘प्रापंचिक’ व ‘धर्मप्रांत’ हे शब्द वसईकडून आणि ‘मंडळी’ व ‘प्रभुभोजन’ हे प्रॉटेस्टंट वापरातून घेतले आहेत. ‘रेक्टर’, ‘वेस्ट्री’ आणि ‘वॉर्डन’ यांना सरावाचे मराठी प्रतिशब्द नाहीत.

स्वतःचा खर्च स्वतः भागविणाऱ्या मंडळीस पॅरिश म्हणतात. जी मंडळी धर्मप्रांताच्या आर्थिक साहाय्यावर चालते तिला ‘मिशन’ म्हणण्याची रीत आहे. इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे आधी एक भूभाग असतो आणि त्या हद्दीतील प्रत्येक रहिवासी तत्त्वतः तिच्यात मोडतो. अमेरिकेत आज असे सहसा नसते. सभासद आपल्या पसंतीची पॅरिश निवडतो आणि त्यासाठी वाटेतली दोन चर्चे ओलांडूनही जातो.

रविवारची उपासना

सर्व पॅरिशांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ हे प्रार्थनापुस्तक. अमेरिकन चर्चने त्याची स्वतःची आवृत्ती १७८९ मध्ये स्वीकारली. त्यानंतर १८९२, १९२८ व १९७९ मध्ये ती सुधारण्यात आली. या संप्रदायात सिद्धान्तांविषयी मतभेद पुष्कळ आहेत, परंतु सर्वांनी एकाच पुस्तकातून प्रार्थना करावी यावर सहसा एकमत असते. १९७९ च्या पुस्तकात मुख्य उपासनेचे दोन पाठ आहेत, एक जुन्या घाटाच्या इंग्रजीत आणि दुसरा आजच्या भाषेत. पुष्कळ पॅरिशांत सकाळी आठची शांत, संगीतविरहित उपासना पहिल्या पाठाने होते आणि दहाच्या सुमाराची गायनवृंदासह होणारी उपासना दुसऱ्या पाठाने. आठला येणारे आणि दहाला येणारे यांची वर्षानुवर्षे गाठ पडत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पॅरिशमध्ये ऐकू येते.

१९७९ च्या पुस्तकाने प्रभुभोजन ही रविवारची प्रमुख उपासना ठरवली. तत्पूर्वी अनेक पॅरिशांत बहुतेक रविवारी ‘सकाळची प्रार्थना’ होई आणि प्रभुभोजन महिन्यातून एकदा होई. हा बदल जुन्या पिढीतील अनेकांना जड गेला. सकाळची प्रार्थना प्रापंचिकालाही चालवता येते, प्रभुभोजनाला मात्र धर्मगुरू लागतो. त्यामुळे या बदलाने उपासनेची प्रतिष्ठा वाढवली आणि त्याच वेळी धर्मगुरू नसलेल्या लहान मंडळ्यांची अडचणही वाढवली.

उपासनेचे दोन भाग असतात. पहिला भाग वचनाचा. त्यात जुन्या करारातील उतारा, स्तोत्र, पत्रांतील उतारा आणि शुभवर्तमान यांचे वाचन होते. कोणत्या रविवारी काय वाचावयाचे हे तीन वर्षांच्या ठरावीक चक्राने नेमलेले असते, त्यामुळे आपल्या आवडीचाच उतारा निवडण्याची मुभा प्रवचनकाराला राहत नाही. शुभवर्तमान वाचताना ग्रंथ मंडळीच्या मध्यभागी आणतात आणि सर्वजण उभे राहून त्याकडे तोंड करतात. प्रवचन, नायसीन मतांगीकार, लोकांच्या प्रार्थना आणि पापकबुली झाल्यावर सर्वजण एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देतात. एरवी शिस्तीने चालणारी उपासना येथे दोनचार मिनिटे मोकळी होते. माणसे बाके सोडून हस्तांदोलन करीत फिरतात, आणि काही ज्येष्ठ सभासदांना हे अजूनही रुचत नाही.

दुसरा भाग भोजनाचा. मंडळीतील कोणी भाकर, द्राक्षारस आणि दानाची तबके पुढे आणतात. धर्मगुरू महाप्रार्थना म्हणतो, सर्वजण प्रभूची प्रार्थना म्हणतात, भाकर मोडली जाते आणि लोक वेदीच्या कठड्याशी येऊन भाकर व द्राक्षारस दोन्ही घेतात. द्राक्षारस परंपरेने एकाच प्याल्यातून दिला जातो. कोविड-१९ च्या साथीत हा सामायिक प्याला सर्वत्र बंद ठेवावा लागला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावरही काही जण केवळ भाकर घेऊन परततात.

वर्षाचा क्रम आगमनकाळापासून सुरू होतो. जांभळा, पांढरा, हिरवा आणि लाल या रंगांची वस्त्रे ऋतूप्रमाणे वेदीवर चढतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढतात, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघते, त्यानंतरच्या गुरुवारी अनेक ठिकाणी एकमेकांचे पाय धुण्याचा विधी होतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये नवा अग्नी पेटवतात. बाप्तिस्म्यासाठी ईस्टरची ती रात्र, पेंटेकॉस्ट, सर्व संतांचा दिवस आणि ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण असे चार प्रसंग विशेष योग्य मानले आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी उपस्थित मंडळीला, या व्यक्तीला तिच्या ख्रिस्ती जीवनात तुम्ही आधार द्याल काय, असे विचारले जाते आणि मंडळी मोठ्याने होकार देते.

प्रापंचिकांची सेवा

१९७९ च्या प्रार्थनापुस्तकातील प्रश्नोत्तरीत चर्चचे सेवक कोण याचे उत्तर देताना प्रथम प्रापंचिकांचा उल्लेख येतो आणि नंतर बिशप, धर्मगुरू व डीकन यांचा. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. सेवेचा अधिकार बाप्तिस्म्याने मिळतो, दीक्षेने त्याला विशिष्ट रूप येते, अशी त्यामागील भूमिका आहे.

काही कामे कोणत्याही परवान्याविना होतात. वाचक पहिले दोन उतारे वाचतात. ‘अकोलाइट’ म्हणून काम करणारी मुले-मुली मेणबत्त्या आणि क्रूस धरतात. दारात उभे राहणारे स्वयंसेवक नवागताला पुस्तिका देऊन जागा दाखवतात, गायनवृंद आठवड्यातून एकदा सराव करतो. काही कामांना बिशपचा परवाना लागतो. चर्चच्या नियमसंहितेत अशा परवानाधारक सेवांची यादी दिली आहे. तीत उपासना चालविणारे, प्रवचन करणारे, धर्मशिक्षण देणारे, प्रभुभोजनाच्या वेळी प्याला देणारे आणि अभिमंत्रित भाकर व द्राक्षारस आजारी सभासदांच्या घरी नेणारे यांचा समावेश होतो. घरी नेण्याची ही प्रथा पाहण्यासारखी आहे. रविवारच्या उपासनेच्या शेवटी सेवकाच्या हाती लहानशी पेटी देऊन त्याला सर्वांसमक्ष निरोप दिला जातो, आणि ज्या भाकरीचे तुकडे मंडळीने घेतले तिचाच तुकडा थोड्या वेळाने रुग्णालयात वा वृद्धाश्रमात पोहोचतो.

प्रापंचिक आणि दीक्षित यांच्यातील सीमारेषा किती बारीक आहे हे सकाळच्या प्रार्थनेतील एका सर्वनामावरून कळते. पापकबुलीनंतर क्षमेचे वचन धर्मगुरूने उच्चारावयाचे असेल तर तो ‘तुम्हांला’ या अर्थाचे रूप वापरतो. तेच वचन डीकनने किंवा प्रापंचिकाने म्हणावयाचे असेल तर त्याने ‘आम्हांला’ या अर्थाचे रूप घालावे, अशी सूचना पुस्तकात छापलेली आहे. धर्मगुरू क्षमा जाहीर करतो, तर प्रापंचिक मंडळीत उभा राहून ती मागतो. बाकी सारे वाक्य तेच राहते.

पडद्यामागचे सर्वांत चिकाटीचे काम ‘ऑल्टर गिल्ड’ करते. हा वेदीची सिद्धता ठेवणारा गट असतो. शनिवारी चांदीची पात्रे उजळणे, तागाची वस्त्रे इस्त्री करणे, फुले मांडणे आणि उपासनेनंतर सर्व आवरणे ही कामे त्याच्याकडे असतात. उरलेला अभिमंत्रित द्राक्षारस प्राशन केला जातो किंवा थेट मातीत ओतला जातो, गटारात कधीही जाऊ दिला जात नाही. त्यासाठी अनेक चर्चांत एक स्वतंत्र कुंडी असते, जिची नळी जमिनीत उतरते. प्याला पुसण्याच्या रुमालांचे पहिले पाणीही तेथेच जाते. मराठी वाचकाला येथे निर्माल्याची आठवण होईल. पिढ्यान्‌पिढ्या हे काम जवळजवळ केवळ स्त्रियांनी केले. वेदीपाशी उभे राहून बोलण्याचा अधिकार नसतानाच्या काळात वेदीला हात लावण्याचा अधिकार त्यांना या मार्गाने मिळाला होता.

प्रापंचिकांच्या शिक्षणासाठी टेनेसी राज्यातील सेवानी येथील विद्यापीठाने १९७५ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात लहान गट दर आठवड्यास एकत्र येऊन बायबल, चर्चचा इतिहास आणि धर्मविचार यांचे वाचन करतात. पदवी मिळवणे हा त्याचा हेतू नाही.

वेस्ट्री आणि तिचा उगम

पॅरिशचे सभासद वार्षिक सभेत वेस्ट्री निवडतात. तिच्यात दोन वॉर्डन, कोषाध्यक्ष, चिटणीस आणि इतर सभासद असतात. ज्येष्ठ वॉर्डन रेक्टरचा सल्लागार आणि रेक्टर नसताना पॅरिशचा प्रमुख मानला जातो. कनिष्ठ वॉर्डनकडे बहुधा इमारतीची देखभाल येते, त्यामुळे छप्पर गळू लागले की दूरध्वनी त्याच्याकडे जातो. अधिकारांची वाटणी साधारणतः अशी असते: उपासना, संगीत आणि इमारतीचा वापर रेक्टरच्या अखत्यारीत, तर पैसा आणि मालमत्ता वेस्ट्रीच्या. रेक्टर निवडण्याचा अधिकारही वेस्ट्रीचाच असतो. जागा रिकामी झाली की शोधसमिती नेमली जाते, पॅरिशची माहिती देणारी पुस्तिका तयार होते, उमेदवारांच्या भेटी होतात आणि बिशपशी विचारविनिमय करून आमंत्रण दिले जाते. या कामास वर्षभर किंवा अधिकही लागते. एकदा नेमलेल्या रेक्टरला वेस्ट्री आपल्या मर्जीने काढू शकत नाही. त्याचा व पॅरिशचा संबंध तोडावयाचा झाल्यास बिशपकडे जावे लागते.

ही व्यवस्था व्हर्जिनिया वसाहतीत घडली. तेथे इंग्लंडचे चर्च हे सरकारी चर्च होते, पण वसाहतकाळात अमेरिकेत एकही बिशप नव्हता. दीक्षा घ्यावयाची तर समुद्र ओलांडून इंग्लंडला जावे लागे. पॅरिशांचा विस्तार मोठा आणि धर्मगुरू थोडे, म्हणून अनेक रविवारी प्रापंचिक वाचकच प्रार्थना वाचीत. बारा जणांची वेस्ट्री ही स्थानिक जमीनदारांची बैठक होती. ती कर बसवी, गरिबांना साहाय्य देई, अनाथ मुलांची व्यवस्था लावी आणि जमिनींच्या हद्दींची पाहणीही करवी. धर्मगुरूचे वार्षिक वेतन कायद्याने सोळा हजार पौंड तंबाखू इतके ठरलेले होते. त्याची कायम नेमणूक टाळून त्याला वर्षावर्षाच्या बोलीने ठेवण्याची युक्ती वेस्ट्र्यांनी शोधून काढली होती. जॉर्ज वॉशिंग्टन हे ट्रुरो पॅरिशच्या वेस्ट्रीचे सभासद होते. वेस्ट्री रिकाम्या जागा स्वतःच भरी, म्हणून तिला लोकशाही म्हणता येत नाही, पण धर्मसंस्थेची सूत्रे प्रापंचिकांच्या हाती असण्याची सवय तिने लावली.

स्वातंत्र्ययुद्धानंतर फिलाडेल्फियाचे धर्मगुरू विल्यम व्हाइट यांनी १७८२ मध्ये एक पुस्तिका लिहून नव्या चर्चच्या कारभारात प्रापंचिकांना वाटा असावा, असे प्रतिपादन केले. १७८४ मध्ये कनेक्टिकटचे सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडमध्ये जाऊन पहिले अमेरिकन बिशप झाले. १७८७ मध्ये व्हाइट आणि न्यूयॉर्कचे सॅम्युअल प्रोव्हूस्ट यांना लंडनमध्ये बिशपपद मिळाले. १७८९ मध्ये मान्य झालेल्या घटनेनुसार महासभेत बिशपांचे एक आणि धर्मगुरू व प्रापंचिक प्रतिनिधींचे एक अशी दोन सभागृहे आली. आजही दर तीन वर्षांनी भरणाऱ्या महासभेत प्रत्येक धर्मप्रांताकडून धर्मगुरू आणि प्रापंचिक प्रतिनिधींना समान जागा असतात.

सेंट टॉमस चर्च, फिलाडेल्फिया

प्रापंचिकांच्या अधिकाराचा हा सिद्धान्त सर्वांना लागू होता का, याची पहिली कसोटी घटनेनंतर पाचच वर्षांत व्हाइट यांच्याच शहरात लागली.

ॲब्सलम जोन्स गुलामगिरीत जन्मले. त्यांनी आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि नंतर, १७८४ मध्ये, त्यांना स्वतःला मुक्ती मिळाली. ते आणि रिचर्ड ॲलन हे सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रापंचिक प्रवचनकार होते. १७८७ मध्ये दोघांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ ही परस्परसाहाय्य संस्था काढली. तिचा सभासद महिन्याला एक शिलिंग देई. वर्षभर वर्गणी भरल्यावर तो अडचणीत आल्यास त्याला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळत, विधवांनाही आधार दिला जाई. याच सुमारास सेंट जॉर्जमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळे बसविण्यात आले आणि एका रविवारी प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या जोन्स यांना ओढून उठविण्यात आले. तेव्हा सर्व कृष्णवर्णीय उपासक एकत्र बाहेर पडले. ही घटना परंपरेने १७८७ ची मानली जाते, काही इतिहासकार ती १७९२ च्या सुमाराची मानतात.

१७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. डॉ. बेंजामिन रश यांच्या आवाहनावरून जोन्स व ॲलन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीयांनी रुग्णांची शुश्रूषा आणि मृतांचे दफन ही कामे अंगावर घेतली. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, असा तेव्हा समज होता. तो चुकीचा ठरला आणि त्यांच्यातीलही अनेक जण मरण पावले. साथ ओसरल्यावर प्रकाशक मॅथ्यू केरी यांनी त्यांच्यावर लूटमारीचा आणि वाजवीपेक्षा अधिक पैसे उकळल्याचा आरोप छापला. १७९४ मध्ये जोन्स व ॲलन यांनी खर्चाच्या हिशेबासह त्याला छापील उत्तर दिले.

त्याच वर्षी १७ जुलै रोजी त्यांच्या नव्या चर्चचे उद्‌घाटन झाले. ते कोणत्या संप्रदायात जावे यावर मतदान झाले आणि बहुमत एपिस्कोपल चर्चच्या बाजूने पडले. जोन्स आणि ॲलन या दोघांचाही ओढा मेथडिस्टांकडे होता. ॲलन त्या मताला चिकटून राहिले आणि त्यांनी वेगळे चर्च स्थापले, जोन्स यांनी मंडळीचा कौल मानला. ऑक्टोबर १७९४ मध्ये मंडळीने धर्मप्रांतापुढे तीन अटी ठेवल्या. तिला एक संघटित संस्था म्हणून सामावून घ्यावे, तिच्या स्थानिक कारभारावर तिचेच नियंत्रण राहावे, आणि जोन्स यांना प्रापंचिक वाचकाचा परवाना द्यावा व ते पात्र ठरल्यास दीक्षा द्यावी. अटी मान्य झाल्या. जोन्स १७९५ मध्ये डीकन झाले आणि पुढे एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले.

परंतु धर्मप्रांतानेही एक अट घातली होती. दीक्षेसाठी आवश्यक असलेले ग्रीक व लॅटिनचे ज्ञान जोन्स यांच्याबाबतीत माफ करण्यात आले आणि त्याच्या बदल्यात या पॅरिशला धर्मप्रांताच्या सभेत प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क नाकारण्यात आला. भाषेची सवलत जोन्स यांच्या एकट्यापुरती होती, सभेतील आवाज मात्र साऱ्या मंडळीचा गेला. जोन्स १३ फेब्रुवारी १८१८ रोजी निवर्तले तेव्हाही ही बंदी कायम होती. ती १८६४ मध्ये उठली. सत्तर वर्षे या पॅरिशची स्वतःची वेस्ट्री होती, शाळा आणि परस्परसाहाय्य मंडळे होती, पण सर्व पॅरिशांचे निर्णय जेथे होत तेथे तिला बसण्यास जागा नव्हती. आज १३ फेब्रुवारी हा दिवस एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात जोन्स यांचा स्मरणदिन आहे. सेंट टॉमसची मंडळी शहराच्या पश्चिमेकडील ओव्हरब्रुक भागात नांदते आहे.

स्त्रियांचा प्रश्न

स्त्रियांच्या बाबतीत हीच कथा अधिक संथपणे घडली. १८७१ मध्ये स्त्रियांचे साहाय्यक मंडळ स्थापन झाले. १८८९ पासून घरोघरी ठेवलेल्या छोट्या पेट्यांत कृतज्ञतेची नाणी टाकून ती एकत्र करण्याची प्रथा पडली, ती आजही चालू आहे. पहिल्या संकलनातून अलास्कातील अँव्हिक येथे चर्च उभे राहिले आणि जपानला एक शिक्षिका पाठविण्यात आली. म्हणजे चर्च बांधण्याइतका पैसा उभा करणाऱ्या स्त्रिया होत्या, पण अनेक ठिकाणी आपल्याच पॅरिशच्या वेस्ट्रीवर निवडून येण्याचा हक्क त्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हता.

१९४६ च्या महासभेत मिसुरीच्या एलिझाबेथ डायर या प्रतिनिधी म्हणून बसल्या. नियमांतील ‘लेमन’ या शब्दात स्त्रियांचा समावेश होतो की नाही, यावर तेव्हा वाद झाला. १९४९ मध्ये निवडून आलेल्या स्त्रियांना मात्र प्रवेश नाकारण्यात आला. घटनादुरुस्ती होऊन स्त्री-प्रतिनिधी रीतसर बसल्या त्या १९७० मध्ये. दीक्षेचा प्रश्न त्याहून तीव्र होता. २९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फियातील ‘चर्च ऑफ द ॲडव्होकेट’ येथे महासभेच्या संमतीची वाट न पाहता अकरा स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यात आली. त्या मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस धरून चालणारी व्यक्ती एक प्रापंचिक होती: त्या पॅरिशच्या ज्येष्ठ वॉर्डन बार्बरा हॅरिस. १९७६ च्या महासभेने स्त्रियांच्या दीक्षेस मान्यता दिली. हॅरिस यांनी पुढे स्वतः दीक्षा घेतली आणि ११ फेब्रुवारी १९८९ रोजी बॉस्टन येथे त्या बिशप झाल्या. साऱ्या अँग्लिकन परिवारातील त्या पहिल्या स्त्री बिशप होत.

सामुदायिक जीवन

उपासना संपल्यावर चर्चला लागून असलेल्या सभागृहात कॉफी होते. नवा माणूस मंडळीत टिकणार की नाही हे पुष्कळदा प्रवचनापेक्षा या अर्ध्या तासावर ठरते. कपबशी हातात घेऊन तो एकटाच भिंतीशी उभा राहिला तर पुढील रविवारी तो येईलच असे नाही. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणून केलेली सहभोजने, लेंट सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारचे पॅनकेकचे जेवण, आणि ४ ऑक्टोबरच्या आसपास असिसीच्या संत फ्रान्सिसच्या स्मरणार्थ कुत्री, मांजरे, क्वचित घोडेही आणून त्यांना आशीर्वाद देण्याचा कार्यक्रम हे वर्षातील ठरलेले प्रसंग होत.

पॅरिशचे उत्पन्न मुख्यतः सभासदांच्या वचननिधीतून येते. शरद ऋतूत प्रत्येक कुटुंब पुढील वर्षी किती देणार हे लिहून कळवते आणि त्यावर वेस्ट्री अंदाजपत्रक बांधते. त्यातील एक हिस्सा धर्मप्रांताकडे जातो. इमारत पॅरिशच्या पैशाने बांधलेली व राखलेली असली, तरी १९७९ च्या एका नियमानुसार ती धर्मप्रांताच्या व चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेली मानली जाते. पुढील काळात धर्मविचाराच्या मतभेदांवरून काही मंडळ्या संप्रदाय सोडून गेल्या, तेव्हा इमारत कोणाची यावर न्यायालयांत दीर्घकाळ दावे चालले.

अन्नवाटप, जुन्या वस्तूंचे दुकान, निवाऱ्यातील बेघरांसाठी स्वयंपाक ही कामे बहुतेक पॅरिशांत कोणत्या ना कोणत्या रूपात आढळतात. मद्यपाश सोडविणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीच्या सभा अनेक चर्चांच्या तळघरांत भरतात. या चळवळीच्या घडणीवर न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे रेक्टर सॅम्युअल शूमेकर यांचा मोठा प्रभाव होता. तळघरातील सभेला येणारे आणि वर उपासनेला येणारे बहुधा वेगळे लोक असतात. मंगळवारी रात्री भरलेली इमारत रविवारी सकाळी अर्धी रिकामी दिसणे हे अनेक पॅरिशांचे वास्तव आहे.

महाराष्ट्राशी संबंध

महाराष्ट्रात एपिस्कोपल चर्चच्या पॅरिश नाहीत. येथील अँग्लिकन मंडळ्या इंग्लंडच्या चर्चमधून आल्या आणि १९७० मध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाल्या. तरी एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात ५ एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या, आणि ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे पुस्तक १८८७ मध्ये त्याच शहरात प्रसिद्ध झाले. रमाबाईंना कोणतीही दीक्षा नव्हती. धर्मविषयक बाबतींत आपल्या सद्‌सद्विवेकावर धर्मगुरूंचा अधिकार चालणार नाही, हे त्यांनी वाँटेजच्या भगिनींना लिहिलेल्या पत्रांतून स्पष्ट केले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमधील त्यांचे उपदेशाचे, बायबल-भाषांतराचे आणि निराधार स्त्रियांच्या संगोपनाचे काम एका प्रापंचिक स्त्रीचे काम होते.

सद्यस्थिती

१९६० च्या दशकाच्या मध्यास एपिस्कोपल चर्चची सभासदसंख्या चौतीस लाखांहून अधिक होती. २०२० नंतरच्या वर्षांत ती सोळा लाखांच्या आसपास आणि त्याहून खाली आली. आज निम्म्याहून अधिक मंडळ्यांत रविवारची सरासरी उपस्थिती पन्नासापेक्षा कमी आहे. एवढ्या मंडळीला पूर्णवेळ धर्मगुरूचे वेतन परवडत नाही. त्यामुळे कोठे एकच धर्मगुरू दोन-तीन पॅरिशांत आळीपाळीने जातो, कोठे निवृत्त धर्मगुरू महिन्यातून दोनदा येतो, आणि उरलेल्या रविवारी परवानाधारक प्रापंचिक सकाळची प्रार्थना चालवतो. व्हर्जिनियाच्या विस्तीर्ण पॅरिशांत अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी हेच होत असे. फरक इतकाच, की आज वाचकपीठावर उभी असलेली व्यक्ती बऱ्याचदा स्त्री असते, आणि पापकबुलीनंतरच्या वाक्यात ती ‘आम्हांला’ म्हणते.